सागवानी पत्रिका

फैजपूरचे अभिमननाना पानाला चुना लावता लावता सहज म्हणाले, "पत्रिका आपल्या साध्याच काढा, व्याही. लढाईचे दिवस. कागद तरी कुठं मिळतो?"

यावर "बरं" एवढं म्हणून जीवरामभाऊ गप्प बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दुपार कलली होती, सुपारी फुटली होती, एकुलत्या एका लेकीचं लग्न चांगल्या घरी ठरलं होतं, आणि अशा वेळी जीवरामभाऊंचे डोळे नेहमीप्रमाणे समोरच्या लाकडी दारावर लागले होते. त्या दाराशीच बोलावं तसे ते म्हणाले, "साध्या कशाला? सागवानी काढू."

 अभिमननानांचं चुन्याचं बोट तसंच राहिलं.

"सागवानी?"

"सागवानी," जीवरामभाऊ म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना दुसऱ्यांदा बोलल्यावर कळलं.

त्यांना म्हणायचं होतं ते इतकंच, की जाड पुठ्ठ्यावर सागाच्या रेघांसारख्या रेघा ठशानं उमटवायच्या आणि मधोमध मजकूर लिहायचा. हे त्यांनी व्याह्यांना बाहेर येऊन नीट समजावूनही सांगितलं. पण तोवर गाडी जुंपून झाली होती, आणि बैलांच्या घुंगरांत त्यातलं निम्मं वाहून गेलं. पुढच्याच आठवड्यात निरोप आला, की जळगावचे व्याही सागाच्या फळीवर कोरलेल्या पत्रिका देणार आहेत अशी फैजपुरात गल्लोगल्ली बोलवा आहे आणि लोक वाट पाहत आहेत.

सुनंदाबाईंनी कपाळाला हात लावला. "आता कोरा फळ्या! घरात पोळपाटाचा पाय मोडून वर्ष झालं, तो बसवता येत नाही तुमाले!"

यात तथ्य होतं. जीवरामभाऊ जळगावच्या एका जिनिंग कारखान्यात कारकून होते आणि हातानं काही करण्याबद्दल त्यांची ख्याती नव्हती. त्यांची ख्याती होती ती बघत बसण्याबद्दल. कचेरीत त्यांच्यापुढं जुनं सागवानी टेबल होतं. दुपारी जिनांची घरघर एका सुरात लागली, कापसाचं पीस उन्हाच्या तिरपेत तरंगू लागलं, की त्या टेबलाच्या रेघा हळूहळू वाहायला लागत. एखाद्या गाठीपाशी येऊन पाण्यानं खडकाला वळसा घालावा तशा त्या दुभंगत आणि पुढं जाऊन परत एक होत. जीवरामभाऊ त्यांच्याबरोबर जात. कुठं जात ते सांगणं कठीण आहे. पण एकदा मॅनेजरसाहेबांनी त्यांना गाल टेबलाला टेकलेल्या स्थितीत पकडलं होतं, आणि "झोपलो नव्हतो, साहेब, काठावर बसलो होतो," हे त्यांचं उत्तर कारखान्यात बरेच दिवस गाजत होतं.

तेव्हा पत्रिका सागवानी व्हायला हवी हे एकदा तोंडातून गेल्यावर त्यांना ते फार मोठं संकट वाटलं नाही. उलट, आयुष्यभर नुसतं पाहिलेलं काहीतरी आता हातून उतरणार, या विचारानं ते त्या दिवशी दोनदा रस्ता चुकले.

पुठ्ठे मिळाले. कापडदुकानदार कौतिकशेठनी ताग्यांच्या आतले गव्हाळ रंगाचे पुठ्ठे दिले आणि वर ठणकावून सांगितलं, "असले उद्योग करू नका, भाऊ." सल्ला द्यायला मात्र शेजारचे पितांबर मास्तर स्वतःहून आले. मास्तर शाळेत भूगोल शिकवत. पण तरुणपणी चित्रकलेच्या परीक्षेला बसले होते. निकालाबद्दल ते बोलत नसत.

"बटाटा," मास्तर खुर्चीत बसता बसता म्हणाले. "बटाटा कापायचा, त्यावर नक्षी कोरायची, की झाला ठसा. विलायतेत लहान मुलं करतात."

जीवरामभाऊंनी रविवारची अख्खी दुपार चाकूनं बटाट्यावर रेघा कोरल्या. एकात एक लंबगोल. रंगात बुडवून ते ओळीनं पुठ्ठ्यावर उमटवले आणि लांब उभं राहून पाहिलं. लेक वच्छला शेजारीच उभी होती. तिला वडिलांचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "बाबा, म्हशी बघतायत असं वाटतं."

खरंच वाटत होतं. अख्ख्या पुठ्ठ्यावरून म्हशींचे डोळे जीवरामभाऊंकडे संथपणे पाहत होते. त्यांनी तो बटाटा कोनाड्यात टाकला.

मग आसोद्याहून मेहुणा निंबा आला. निंबाच्या केळीच्या बागा होत्या आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे केळीचाच उपाय असे. "दाजी, केळीचा खांब आडवा कापा," तो म्हणाला. "आत काय रेघा असतात! देवानं ठसाच करून ठेवलाय, तुमाले फक्त दाबायचा."

त्यानं बैलगाडीतून एक भला मोठा खांब आणून ओसरीवर टाकला. तो कापताना जीवरामभाऊंनी अंगातला कोट काढायला हवा होता. केळीचा चीक धोब्याच्या बापाला निघत नाही, हे खानदेशात शेंबडं पोरही जाणतं. पण जीवरामभाऊ त्या वेळी खांबाच्या आतली वळणं पाहण्यात गुंग होते. ठसा उमटला तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. कोटाची उजवी बाही मात्र दोन दिवसांत तपकिरी पडत पडत हुबेहूब सागवानी झाली. लग्नात घालायचा तो एकच कोट होता. सुनंदाबाई त्या बाहीकडे पाहून रडायच्या बेतात होत्या, आणि जीवरामभाऊ ती बाही उजेडात फिरवून फिरवून म्हणत होते, "जमणार आहे बरं का! म्हणजे हे अशक्य नाही."

आणि ते जमलं ते जेवायच्या पाटावर.

सुनंदाबाईंनी भाकरी थापून झाल्यावर काठवट धुऊन भिंतीशी उभी केली होती. ही त्यांच्या आईनं दिलेली, अखंड लाकडातून कोरलेली पीठ मळायची परात. इतकी वर्षं जमिनीवर घासून घासून तिचा सपाट तळ असा झिजला होता, की लाकडातला मऊ भाग गेला होता आणि कठीण रेघा तेवढ्या उठून राहिल्या होत्या. खिडकीतून उन्हाची तिरीप नेमकी तिच्यावर पडली. जीवरामभाऊंचा घास हातातच राहिला. त्यांना वाटलं, ही भिंतीशी कितीतरी वर्षं अशीच उभी आहे आणि रोज पाठ करून आपल्याला काहीतरी सांगते आहे. ते उष्ट्या हातानं उठले आणि काठवट उचलून माळवदावर गेले.

"अवो, माही काठवट!" सुनंदाबाई ओरडल्या.

काठवट पालथी घालून तिच्या तळाला चिंधीच्या बोळ्यानं रंग लावायचा, वर पुठ्ठा ठेवायचा, आणि पुठ्ठ्याच्या पाठीवरून वाटीचं बूड घोळवायचं. पुठ्ठा उचलला, की सागाची फळी! पुढचा पुठ्ठा थोडा सरकवून ठेवला की दुसरी फळी, पहिलीसारखी मुळीच नसलेली. गाठीचं तेवढं अडत होतं. ते सुटलं कोनाड्यातल्या बटाट्यानं. तो आता सुकून, सुरकुतून असा काही झाला होता, की त्याचा ठसा म्हणजे लाकडातली गाठच.

रंग काताचा होता, त्यात डिंक आणि जराशी काजळी. इथं पितांबर मास्तर परत आले. "गूळ घाला," ते म्हणाले. "चकाकी येते." चकाकी आली. मुंग्याही आल्या. पहिली खेप वाळत घातली होती तिथं मुंग्यांची रांग लागली, आणि त्यांनी रेघ न् रेघ अशी नेमकेपणानं चाटून नेली, की जीवरामभाऊंना रागापेक्षा कौतुकच अधिक वाटलं. दुसऱ्या खेपेला गूळ वगळला आणि वरून, मजकुराची जागा सोडून, चंद्रसाच्या रोगणाचा हात दिला. पत्रिका अशा कडक झाल्या, की बोटानं वाजवल्या तर टकटक वाजत.

या काळात घरातल्या भाकऱ्या तांबूस होत. शेजारणी विचारत, कशाच्या आहेत म्हणून. सुनंदाबाई दात ओठ खात सांगत, "सागाच्या."

पण त्या सगळ्या दुपारी चांगल्या गेल्या. माळवदावर कडुनिंबाची सावली यायची. एका बाजूला जीवरामभाऊ रंग लावायचे, दुसऱ्या बाजूला वच्छला बोरूनं मजकूर लिहायची.  मधेच ती एखादी पत्रिका उचलून म्हणायची, "बाबा, यात नाव आहे बघा, शिडाची," आणि ते म्हणायचे, "आणि हा किनारा." मग दोघंही थोडा वेळ त्या किनाऱ्यावर थांबायचे. हव्या होत्या त्याहून पत्रिका केव्हाच जास्त झाल्या होत्या. तरी जीवरामभाऊ करतच राहिले. काम संपलं, की वैशाख येणार होता, आणि वैशाखात काठवटीच्या पलीकडे बसायला कोणी राहणार नव्हतं.

शेवटी सुनंदाबाईंनीच काठवट हिसकावून घेतली आणि पत्रिका धोतरात बांधल्या. वरपक्षाच्या वाट्याच्या पत्रिका नवराबायकोनं स्वतः नेऊन द्याव्या असं ठरलं. मोटारी त्या दिवसांत कोळशाच्या गॅसवर चालत, आणि चढ आला की उतारूंनी ढकलल्या तरच चालत. म्हणून निंबानं आपली दमणी जुंपली. सकाळच्या गारव्यात तापी ओलांडली. दोन्ही अंगांनी केळीची पानं डुलत होती, घुंगरं वाजत होती, आणि मांडीवर गाठोडं घेऊन जीवरामभाऊ असे सुखात होते, की आपण जागे आहोत की नाही याची त्यांना फिकीर नव्हती.

वाटेत जंगलखात्याचा नाका होता. सातपुड्यातलं लाकूड पासाशिवाय खाली जाऊ नये म्हणून. एक बांबू आडवा, एक लिंबाचं झाड, आणि झाडाखाली खाटेवर लोटन शिपाई. हा धुळ्याकडचा माणूस. त्यानं गाठोड्यात हात घातला, एक पत्रिका काढली, टकटक वाजवली आणि विचारलं, "हाई काय शे? फळ्या?"

"पत्रिका आहेत. लग्नाच्या."

लोटननं ती उलटसुलट केली. वासही घेतला. मग खांदे उडवून म्हणाला, "सालई दिखस. सालईले पास लागत नही. जा."

त्यानं बांबू उचललाही होता. निंबानं कासरा सैल सोडला होता. दहा पावलांवर मोकळा रस्ता होता. पण सालई म्हणजे खोक्यांचं लाकूड, आणि जीवरामभाऊंच्या कानात तो शब्द शिसं ओतल्यासारखा उतरला.

"सालई?" ते दमणीतून खाली उतरले. "डोळे आहेत की नाहीत? ही वळणं सालईला असतात? हा साग आहे, साग! अस्सल!"

लोटननं बांबू परत आडवा टाकला. "साग? मग पास दखाडा."

सुनंदाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे साग नाही तसा," जीवरामभाऊ म्हणाले. "कागद आहे."

"आत्ते ते साग म्हनत व्हतात."

"सागासारखा कागद."

"बठ्ठा चोर असंच म्हनतस," लोटन म्हणाला आणि त्यानं खाटेवरून पंचनाम्याचा कागद ओढला. नाक्यावर बसून त्यानं नाना तऱ्हेची थापेबाजी ऐकली होती; पण लाकडाला कागद म्हणणारा चोर त्याला पहिल्यांदाच भेटत होता, आणि तो जरा खुलला होता.

"अरे भाऊ," सुनंदाबाई न राहवून म्हणाल्या, "चोर जंगलातून गावात लाकूड नेतो. आमी गावातून जंगलाकडे नेऊन राहिलो. असं कोनी चोरी करतं का?"

"तेच ते विचारनं शे," लोटन गंभीरपणे म्हणाला. "वर मजकूर लिखेल शे? दुकानन्या पाट्यावर बी लिखेल ऱ्हास. त्या लाकडाच्याच ऱ्हातस. कागद व्हई ते फाटी. फाडी दखाडा, नि जा."

हे न्यायाचं होतं. संध्याकाळपर्यंत फैजपूर गाठायचं होतं. गाठोडं नाक्यावर अडकलं, तर व्याह्यांपुढं रिकाम्या हातानं उभं राहायचं आणि सागवानी पत्रिका जप्त झाल्या म्हणून सांगायचं. त्यावर फैजपुरात कोणी हसायचं थांबलं नसतं, आणि ते हसू वच्छलेला जन्मभर पुरलं असतं. जीवरामभाऊंनी वरची पत्रिका हातात घेतली. दोन्ही हातांनी धरली. झाडाचं एक पान गळून तिच्यावर पडलं, ते त्यांनी फुंकून उडवलं. परत धरली.

"फाडा ना!" सुनंदाबाई म्हणाल्या.

जीवरामभाऊंनी डोळे मिटले, हात ताणले.

"थांबा! ती नको."

त्यांनी डोळे उघडले. सुनंदाबाई खाली उतरून आल्या होत्या. "तिच्यात मोर हाये," त्या म्हणाल्या.

"मोर? कुठं?"

"हा काय. ही गाठ म्हनजे डोळा, अन् हा इकडं पसरलेला पिसारा. दुसरी घ्या."

दुसरी घेतली. "ही नको, ही तापीचा पूर हाये." तिसरी. "अवो, हिच्यात तर वच्छी पाळण्यात झोपली हाये, दिसत नाही तुमाले?"

जीवरामभाऊ बायकोकडं पाहतच राहिले. "तू कधी पाहिलंस हे सगळं?"

"कधी म्हनजे?" सुनंदाबाईंनी पदर सारखा केला. "तुमी कचेरीत गेल्यावर. रोज. पोरगी परक्या घरी चालली, मले काय झोप लागते दुपारची?"

दोघं तिथंच धुळीत बसले आणि गाठोडं उसकटून फाडण्याजोगी पत्रिका शोधू लागले. एकही सापडेना. लोटन पंचनामा सोडून जवळ आला. थोडा वेळ उभ्यानं, मग उकिडवा बसून पाहू लागला. एकाएकी त्यानं एका पत्रिकेवर बोट ठेवलं. "हाई ते सांबर शे!"

सगळ्यांनी पाहिलं. सांबर होतं. मान वळवून मागं बघणारं.

"आमना गावना वर, नाल्यावर, असंच उभं ऱ्हास," लोटन म्हणाला. बैल रवंथ करत होते, निंबा जुवाला टेकून पेंगत होता, आणि तिघं माणसं त्या सांबराला चाहूल लागू नये अशी बसून होती.

"ती तुमची," सुनंदाबाई म्हणाल्या. "अवो, नाव लिहा यांचं. वैशाखात या लग्नाले, भाऊ."

जीवरामभाऊंनी लोटनचाच टाक घेतला आणि वर रिकाम्या सोडलेल्या जागी 'राजश्री लोटन' असं घालायला सुरुवात केली. उन्हानं हाताला घाम फुटलेला. बोटाचा ओला ठसा पुठ्ठ्यावर पडला होता, त्यावर शाई आली आणि 'लो'चा काना भसकन फुटून पसरला. जीवरामभाऊ हळहळले. लोटन मात्र वाकून ते पसरणं पाहत राहिला.

"लाकूडवर शाई अशी पसरत नही," तो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी निराशा होती. "कागदच शे."

त्यानं बांबू उचलला. सांबर त्यानं डोक्याच्या फेट्यात खोचून ठेवलं.

फैजपुरात पोचायला दिवेलागण झाली. अभिमननानांच्या अंगणात निम्मी गल्ली जमली होती. सागाच्या फळ्या पाहायच्या म्हणून एक म्हातारे गृहस्थ तर खिडकीतला कंदील काढून घेऊन आले होते. जीवरामभाऊंनी कुंकवाचं बोट लावलेली पहिली पत्रिका नानांच्या हाती दिली. नानांनी कौतुकानं वाजवली. टकटक झालं. लोक पुढं सरकले. मग नानांनी ती सहज दोन्ही टोकांना धरून दाबली, आणि पत्रिका वाकली.

"वाकते ही," नाना म्हणाले.

 कंदीलवाल्यानं कंदील खाली केला. नानांनी दोन महिने गावाला काय काय सांगितलं असेल ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटून गेलं. जीवरामभाऊ सागवानी बाही पाठीमागं लपवून उभे होते.

"आन इकडं," आतून आवाज आला. नानांच्या आई, धुरपदाबाई. नजर जवळजवळ गेलेली. पण घरात त्यांच्या शब्दापुढं कोणाचा शब्द नव्हता. नानांनी पत्रिका त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं तिच्यावरून हात फिरवला. एकदा, रेघांच्या अंगानं. परत एकदा, हळू. बोटं गाठीपाशी थांबली, तिला वळसा घालून पुढं गेली. अंगण वाट पाहत होतं.

"रंधा चांगला मारला हाये," धुरपदाबाई म्हणाल्या. "कोन्या मिस्तरीनं केलं?"

जीवरामभाऊंनी तोंड उघडलं.

"ह्यांनी," सुनंदाबाई म्हणाल्या.

कंदील पुन्हा वर झाला. नानांनी आईकडं पाहिलं, पत्रिकेकडं पाहिलं, आणि घसा खाकरून जमलेल्या मंडळींना सांगितलं, "व्याह्यांच्या हातचं काम आहे." पत्रिका हातोहात फिरू लागली. कोणीतरी म्हणालं, यात बैलजोडी दिसते. कोणी म्हणालं, बैलजोडी नव्हे, मारुती.

धुरपदाबाईंनी जीवरामभाऊंना हातानं जवळ बसवून घेतलं. "पावनं," त्या म्हणाल्या, "असा हात हाये तं मंग आमच्या गोठ्याचं एक दार बी करून द्या. लग्नाच्या आंधी. म्हशी बाहेर येतात."

सुनंदाबाईंनी मागून त्यांचा कोट ओढला. जोरात ओढला. पण जीवरामभाऊंचे डोळे आधीच अंगणापलीकडच्या अंधारात, गोठ्याच्या उघड्या चौकटीवर लागले होते.

"हो," ते म्हणाले. "करू की."